तिसऱ्या अंकातला फ्यूज

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या, नाटकात नायिकेला मरायला वीस मिनिटं लागतात. फ्यूजला अर्धा सेकंद पुरतो. आणि दोघं मुहूर्त मात्र एकच धरतात: रात्री अडीच-तीनचा सुमार, तिसरा अंक, बायांनी पदर डोळ्याला लावलेला, आणि मंडप एकदम काळाकुट्ट.

दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, लागल्या की गडचिरोलीतल्या वडशाहून नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात. गाडीत पडदे, पेट्या, नटमंडळी; मागे ट्रॉलीवर जनरेटर. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडतो. जवळचं इलेक्ट्रिकचं दुकान तालुक्याला, आणि ते दिवेलागणीलाच शटर ओढतं. मंडपातल्या दर दुसऱ्या खिशात खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली सुपारी-तंबाखू, निघेल. 10 अँपियरचा फ्यूज एकाही खिशात निघणार नाही. माझं सगळं दुखणं इथं आहे.

अंधार झाला की जनरेटरभोवती पंधरा जाणकार जमतात. "डिझल सपलं असन जी." "हवा घेतली बा यानं." एखादा "धक्का मारून पाहा ना भाऊ" असंही सुचवतो. धक्क्यानं ट्रॉली पुढे जाते, करंट जागेवरच राहतो. या मंडळींना टॉर्च धरायला लावावं. उजेड त्यांच्या स्वतःच्याच पायावर पडतो, पण निदान तेवढा वेळ पाना धरून राहत नाहीत.

आपण आधी कान लावायचा. जनरेटर चालू आहे की बंद?

बंद असेल तर चावी फिरवून पाहा. काहीच आवाज नाही, तर बॅटरी. मल्टिमीटर लावा: 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे तिनं नायिकेच्या आधीच प्राण सोडलेला. व्होल्टेज ठीक असूनही स्टार्टर मुका असेल, तर टर्मिनल हलवून पाहा. पांढरा-हिरवा थर धरला असेल तर चहावाल्याकडून तांब्याभर गरम पाणी आणून ओता, पुसा, आवळा. चहासुद्धा मागवा, त्याचे पैसे कंपनीच्या खात्यात टाका.

स्टार्टर फिरतो पण इंजीन धरत नाही, ही खरी फसवी जात. बऱ्याच सेटमध्ये डिझेल उघडणारा एक सोलेनॉइड असतो, बॅटरीच्या 12 व्होल्टवर चालणारा. चावी दिल्यावर त्याचा 'टक्' ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर पॅनेलमधला छोटा पात्याचा फ्यूज काढून बघा, बहुतेक 10 अँपियरचा, लाल. पाच-दहा रुपयांचा तुकडा अख्खं नाटक बसवून ठेवतो. इथं जाणकार मंडळी इंजेक्टर खोलायला निघालेली असतात. त्यांना हाताला धरून मागे ओढा.

'टक्' आला तर मग डिझेलच्या नळीत अडकलेली हवा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करा, हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. तरी धरत नसेल तर इंजेक्टरच्या नळीचा नट अर्धा आटा ढिला करून स्टार्टर मारा, डिझेल उडालं की आवळा. हात आणि तोंड दूर ठेवा, तिथला दाब कातडी फोडतो.

आणि इंजीन दर अर्ध्या तासानं मरत असेल, थोडं थांबलं की पुन्हा चालत असेल, तर टाकीचं झाकण बघा. मूळ झाकण कधीच हरवलेलं असतं. त्याजागी कुणीतरी खर्ऱ्याची प्लॅस्टिकची पन्नी दोऱ्यानं घट्ट बांधलेली असते. झाकणाला श्वासाचं भोक असतं, पन्नीला नसतं. डिझेल खाली जातं, वर पोकळी होते, पुरवठा अडतो. पन्नी सोडली की टाकी 'हुश्श' करते. जाणकार म्हणतात, "पाहा, हवाच होती."

आता दुसरी शक्यता. जनरेटर मस्त चालतोय आणि मंडपात अंधार. आधी एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारी खटकी, खाली पडली आहे का बघा. ती वर असूनही व्होल्टमीटर शून्यावर असेल, तर एव्हीआर, म्हणजे जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणारं कार्ड. काही एव्हीआरवर काचेचा छोटा फ्यूज असतो. तो शाबूत असेल आणि सेट अख्खा पावसाळा गोडाउनमध्ये पडून होता, तर त्याचं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असू शकतं. मग एव्हीआर सोडवून फील्डच्या दोन तारांना बॅटरीचे 12 व्होल्ट क्षणभर दाखवावे लागतात, प्लसला प्लस, मायनसला मायनस. उलट लावू नका, आणि ज्यानं कधी केलेलं नाही त्यानं रात्री तीन वाजता शिकू नये.

पण तिसऱ्या अंकात बहुधा यातलं काहीच नसतं. उडालेलं असतं ते किटकॅट, म्हणजे तारेच्या फ्यूजची खाच, चिनी मातीची, फेजवरची. कारण नाटकातच आहे. नायिका कोसळते, दिग्दर्शक 'ब्लॅकआउट' करतो, आणि मग मृतदेहावर सगळे हॅलोजन एकदम पेटवतो. हॅलोजनची थंड तार पहिल्या क्षणी दहापटीच्या आसपास करंट ओढते. 1000 वॅटचा हॅलोजन चालताना 4.3 अँपियर घेतो. पाच एकदम पेटवले की त्या क्षणाला फ्यूजच्या अंगावर दोनशेच्या घरातला करंट येतो. दिवे दोन हप्त्यांत पेटवा, किंवा ब्लॅकआउटमध्येही डिमरवर मिणमिणते ठेवा. दिग्दर्शक म्हणेल, इफेक्ट जातो. पूर्ण अंधाराचा इफेक्ट त्याला आवडत असेल तर प्रश्नच मिटला.

शिवाय 15 केव्हीएच्या थ्री फेज सेटला एका फेजमागे 5 केव्हीएच मिळतात, म्हणजे 21-22 अँपियर. मंडपवाला सगळे हॅलोजन, भोंगे आणि चहाच्या टपरीचा आकडा एकाच फेजवर देतो, कारण ते किटकॅट त्याच्या हाताशी असतं. तीन भावांपैकी एकानं नांगर ओढायचा, दोघांनी धुऱ्यावर बसून बिडी प्यायची. फेजमागे जास्तीत जास्त चार हॅलोजन, साउंड वेगळ्या फेजवर. आणि न्यूट्रल दोनदा आवळा. तो सुटला तर कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज 230 सोडून 400 च्या दिशेनं चढतं आणि अँप्लिफायर धूर काढतो.

उडालेला फ्यूज फेकू नका, त्याचं मयत वाचा. तार मधोमध शांतपणे वितळली असेल तर ओव्हरलोड. काजळी आणि धातूचे मणी उडाले असतील तर शॉर्ट. एका टोकाला जळून काळी पडली असेल तर स्क्रू ढिला होता. एकदा उडाला तर नवा लावा. दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा लावू नका. फ्यूजच्या जागी होल्डरमध्ये 200 वॅटचा साधा बल्ब जोडा आणि सगळं लोड काढून टाका. बल्ब भरभरून पेटला तर शॉर्ट वायरीतच आहे. विझलेला राहिला तर एकेक लोड जोडत जा. ज्यानं बल्ब पूर्ण पेटेल तो गुन्हेगार. मोठा हॅलोजनसुद्धा त्याला पेटवतो, म्हणून हॅलोजन शेवटी. 12 व्होल्टच्या बाजूला हेच काम गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब करतो.

फ्यूज तार कलई केलेली तांब्याची: 5 अँपियरला 0.20 मिलिमीटर, 10 ला 0.35, 15 ला 0.50, 20 ला 0.60. स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेनं गुंडाळा, म्हणजे आवळताना आत ओढली जाते. थोडी सैल ठेवा, ताणली तर बारीक होऊन उगाच उडते. पण रीळ कोण शोधतो? माणूस दीड स्क्वेअरची वायर सोलतो. तिच्यात 0.3 मिलिमीटरचे 22 धागे. एक धागा साधारण 13 अँपियरला वितळतो, म्हणून 'मजबूत' व्हावं यासाठी तो चार पिळतो. मग पन्नास अँपियरपर्यंत किटकॅट शाबूत, आणि वितळते ती मंडपाच्या कापडातली वायर. बाजूला तनसाचा, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचा, ढीग असतोच. सायलेन्सरचं तोंड त्याच्याकडे नाही ना, हेही बघून घ्या.

सामानाची डबी अशी: पात्याचे फ्यूज 10 चे लाल, 15 चे निळे, 20 चे पिवळे, 30 चे हिरवे. हे 32 व्होल्टचे असतात, 230 च्या लाइनवर चुकूनही नाही; तिथं काचेचा, 250 व्होल्ट लिहिलेला. टोपीवर एफ असेल तर चटकन उडणारा, टी असेल तर दमानं घेणारा; जो निघाला तोच घाला. सोबत फ्यूज तारेचे दोन रीळ, टेस्टर, पक्कड, टेप, डोक्याला बांधायचा टॉर्च. डबी कोरडी, झाकणाची. खर्ऱ्याच्या रिकाम्या पन्नीत फ्यूज ठेवणारे असतात. तंबाखूची ओल आणि चुना मिळून पाती खातात, आणि ऐन वेळी फ्यूजच तुम्हाला चुना लावतो.

लाल फ्यूज पाच नव्हे, सहा घ्यावेत. शेजारच्या गावातही त्याच रात्री नाटक असतं, आणि तीन वाजता तिथला कुणीतरी मोटारसायकलवर येतोच: "का जी, एखादा लाल आहे काय? उद्या देतो." द्यावा. परत आलेला फ्यूज झाडीपट्टीत अजून कुणी पाहिलेला नाही.