पत्ता लेस्टरचा, पासपोर्ट भारताचा

लेस्टरच्या मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. इंग्लंडमध्ये मे २०२३च्या स्थानिक निवडणुकांपासून फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं, आणि मान्य कागदपत्रांच्या यादीत राष्ट्रकुल देशांचे पासपोर्टही होते. मी माझा दाखवला, मतपत्रिका घेतली, पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि कामावर गेलो. बोटाला शाई नाही, त्यामुळे सेल्फीची सोयही नाही. तेव्हा माझ्याकडे साधा कामाचा व्हिसा होता. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीरपणे राहत असला की त्याला सिटी कौन्सिलसाठीच (म्हणजे इथल्या महापालिकेसाठीच) काय, पार्लमेंटसाठीही मत देता येतं.

यात गोवेकरांची गंमत होते. पोर्तुगीज पासपोर्ट काढून आलेल्याला, दोन देशांतल्या करारामुळे, कौन्सिलसाठी मत आहे पण पार्लमेंटसाठी नाही. भारतीय पासपोर्टवर आलेल्या त्याच्याच चुलतभावाला दोन्हीकडे आहे. युरोपचा कागद मिळवायला केलेली खटपट इथे उलटी पडते.

आता पिंपरी-चिंचवडचं बघा, माझ्या गावाचं. महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ला. मधली जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. पाणी एक दिवसाआड का येतं, हे ज्याच्या दारात जाऊन विचारायचं तो नगरसेवकच अस्तित्वात नव्हता. पुणे, मुंबई, सगळीकडे हीच कथा. एवढ्या खंडानंतर निवडणूक आली, तर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर या चार वर्षांचा हिशेब कोणी मागितला नाही. वाद रंगला तो जुनाच, गाववाले की बाहेरचे. मुंबईत त्याचंच नाव मराठी-अमराठी.

ज्या शहरात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून टेल्कोपर्यंत प्रत्येक कारखाना बाहेरून आलेल्यांनी चालवला, तिथे बाहेरचा म्हणजे नेमका कोण? आमचे वडील उदगीरहून आले. भोसरीच्या एमआयडीसीत लागले तेव्हा तेही बाहेरचेच होते. आज आमच्याच घरातले काका बिहारी कामगारांची नावं यादीतून काढा म्हणतात. दुबार मतदारांबद्दल ते बोलत असतील तर मी त्यांच्या बाजूने आहे. एकाच माणसाने दोन ठिकाणी मत देऊ नये, यादी साफ व्हायलाच हवी. (इथे कॉलेजच्या मुलांना मात्र घरच्या आणि शिकण्याच्या, अशा दोन वेगळ्या कौन्सिलांत मत देता येतं, आणि ते कायदेशीर आहे. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.) पालिकेचा कारभार मराठीत चालावा हेही मला शंभर टक्के मान्य. पण जो माणूस त्या वॉर्डात राहतो, तिथल्या नळाला रांग लावतो, त्याला मत नको म्हणणं वेगळं. आपला कायदाही मतदाराचं नाव त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या जागीच नोंदवायला सांगतो.

हेच काका लेस्टरचे निकाल अभिमानाने फॉरवर्ड करतात. २०१९ला इथल्या ५४ जागांपैकी ५३ लेबर पक्षाकडे होत्या. २०२३ला लेबरने आपल्या १९ नगरसेवकांना पुन्हा तिकीट दिलं नाही, त्यावर बरीच नाराजी झाली आणि काही जण विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे गेले. त्याआधीच्या वर्षी भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव इथल्या रस्त्यांवर उतरले होते, ती कटुताही होती. २०२३ला देशभर मार खाणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्हांना लेस्टरमध्ये १७ जागा मिळाल्या. लेबर ३१वर आलं. ग्रुपवर टाळ्या पडल्या, ‘आपली माणसं’, म्हणजे भारतीय वंशाची, जिंकली म्हणून.

लेस्टरला येऊन ‘आपली माणसं’ निवडून आणली तर ते कर्तृत्व, आणि भोसरीत तेच कोणी केलं तर आक्रमण? १९७२ला युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीन याने तिथल्या आशियाई लोकांना हाकललं तेव्हा याच कौन्सिलने ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यांना लेस्टरला येऊ नका असं बजावलं होतं. घरं आणि शाळा भरल्यात, हे कारण. काकांची भाषा त्याहून फार वेगळी नाही. ते लोक आलेच, आणि २०२१च्या जनगणनेत शहराचे ४३ टक्के रहिवासी आशियाई वंशाचे निघाले.

इथल्या आपल्या लोकांवरही माझा राग आहे. २०२३ला माझ्या फोनवर आलेल्या प्रचारात कचरा, बस आणि घरभाडं कमी, उपखंडातलं राजकारण जास्त. दिल्ली काय करते याच्याशी कौन्सिलचा काय संबंध? तिचा मोठा खर्च जातो म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या देखभालीवर आणि निराधार मुलांवर. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, इथे सहसा भाडेकरूच भरतो, त्यामुळे दरवर्षी वाढलेला आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. एवढं असूनही मत टाकायचं हजारो मैलांवरच्या भांडणावर.

नोंदणीसाठी मला इथे ऑनलाइन फॉर्म पुरला. नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली. घरमालकाची सही, भाडेकरार, काही लागलं नाही. आमच्या भोसरीच्या गल्लीत दहा बाय दहाच्या खोलीचा मालक करार करूनच देत नाही, मग पत्त्याचा पुरावा आणायचा कुठून? तिथला कामगार बिहारचा असो की बीडचा, नाव गावाकडच्याच यादीत राहतं. बीडवाला निदान निवडणुकीला रात्रीची एसटी पकडतो. ज्या वॉर्डात त्याचं गटार तुंबलंय, तिथे दोघांचंही मत नसतं, आणि उमेदवारांना ते पक्कं माहीत असतं.