प्लेगात न्यायालये कधी थांबलीच नव्हती काय?

गेले काही दिवस पुण्यातील वकिलांच्या व्हॉट्सॲप गटांपासून सोसायट्यांच्या गटांपर्यंत एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: 1665 साली लंडनमध्ये प्लेगाने आठवड्याला हजारो माणसे मरत असतानाही तेथील न्यायालये एक दिवसही थांबली नाहीत, 1897 साली ऐन प्लेगात पुण्यात टिळकांचा आणि चापेकरांचा खटला चालला, आणि सामान्य माणसालाही दाद मागायला न्यायालय उघडे होते, प्लेग मुळात उंदरांमुळे होतो, त्याचा न्यायालयातील गर्दीशी संबंधच नाही, 2020 साली मात्र आपली न्यायालये दोन वर्षे कुलूपबंद राहिली, त्यामुळे लोकांच्या मुदती बुडाल्या आणि गुन्हेगार सुटले. मजकूर ठसकेबाज आहे, त्यात सालेही आहेत, आणि साल दिले की आपल्याकडे पुढची चौकशी सहसा कोणी करत नाही.

लंडनविषयीचे विधान सरळ चुकीचे आहे. मृत्यूंची संख्या खरी आहे: त्या वर्षीच्या मृत्युनोंदींत प्लेगाने गेलेले 68,596 जण आहेत आणि सप्टेंबरातील एका आठवड्यात हा आकडा सात हजारांवर गेला होता. पण त्याच वर्षी राजा दरबारासह शहराबाहेर पडला, पार्लमेंट ऑक्सफर्डला भरले, आणि एरवी वेस्टमिन्स्टरला भरणारे न्यायालयांचे मायकेलमस, म्हणजे शरद ऋतूतले, सत्रही ऑक्सफर्डलाच न्यावे लागले. यात नवल काहीच नव्हते. हेच सत्र 1592 साली हर्टफर्डला आणि 1625 साली रेडिंगला भरले होते, तेही प्लेगामुळेच. तेथील वरिष्ठ न्यायालयांचे वर्ष चार सत्रांत विभागलेले असे आणि पक्षकाराने कधी हजर व्हायचे हे त्या सत्रांतील ठरलेल्या दिवसांवर बेतलेले असे. त्यामुळे साथ आली की राजाज्ञेने सत्र रीतसर तहकूब होई, दुसऱ्या तारखेला किंवा दुसऱ्या गावी नेले जाई, आणि दावे ज्या टप्प्यावर होते त्याच टप्प्यावर तेथे पुन्हा उभे राहत. तहकूब करणे आणि बंद करणे यांतील हा फरक रोजनामा लिहिणाऱ्या कोणत्याही कारकुनाला ठाऊक असतो. मजकुराचा सगळा डोलारा मात्र हा फरक पुसण्यावर उभा आहे.

न थांबण्याचीच उदाहरणे हवी असतील तर तीही आहेत, फक्त ती मजकूरकर्त्याच्या उपयोगाची नाहीत. 1577 साली ऑक्सफर्डला फौजदारी न्यायसत्र नेहमीप्रमाणे भरले आणि तुरुंगातून आणलेल्या कैद्यांबरोबर तुरुंगज्वर, म्हणजे बहुधा टायफस, न्यायकक्षात आला; न्यायाधीश सर रॉबर्ट बेल यांच्यासह सुमारे तीनशे जण दगावले. 1750 साली लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात तेच घडले आणि लॉर्ड मेयर व दोन न्यायाधीश त्यात गेले. रोग निराळा होता, पण कोंदट दालनात कैदी, साक्षीदार, पंच आणि बघे दाटीवाटीने बसवले की काय होते, याचा धडा त्या न्यायाधीशांच्या वारसांना पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

आता पुण्याकडे येऊ. टिळकांवरील राजद्रोहाचा खटला पुण्यात चाललाच नाही. 27 जुलै 1897 रोजी त्यांना मुंबईत अटक झाली आणि 8 ते 14 सप्टेंबर या काळात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची व नऊ जणांची ज्यूरी यांच्यापुढे खटला चालला. प्लेग अधिकारी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या 22 जूनच्या रात्री पुण्यातील पहिली साथ ओसरलेली होती; त्याबद्दल दामोदर चापेकरांचा खटला पुढे 1898 च्या सुरुवातीला चालला आणि 18 एप्रिलला येरवड्यात त्यांना फाशी झाली. हे दोन्ही फौजदारी खटले खुद्द सरकारला तातडीने चालवायचे होते. सरकारला जो खटला हवा असतो त्याला साथीची अडचण सहसा येत नाही. त्यावरून पेठेतल्या एखाद्या वाटपाच्या दाव्याचे काय झाले असेल, याचा अंदाज बांधता येत नाही.

त्या दाव्यातील पक्षकार कोठे होते, हा खरा प्रश्न आहे. 1897 च्या मार्चपासून मेपर्यंत गोरे सोजीर घरोघर शिरून तपासणी करत होते. आजारी माणूस प्लेगच्या रुग्णालयात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत, सामान होळीत आणि ज्यांना शक्य होते ते गावाबाहेर शेतातल्या झोपड्यांत, अशी स्थिती होती. बेलिफाने अशा घराच्या दाराला समन्स डकवले आणि तारखेला प्रतिवादी आला नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा झाला, तर न्यायालय उघडे राहिल्याचा लाभ कोणाला झाला? त्या वेळच्या 1882 च्या दिवाणी संहितेत कलम 108 खाली असा हुकूमनामा पुरेसे कारण दाखवून रद्द करून घेता येत असे, पण त्यासाठी आधी तो झाल्याचे माणसाला कळावे लागते. 2020 च्या पावसाळ्यात माझ्या एका दाव्यात पूर्व भागातील वाड्यावरून समन्स परत आले. बेलिफाने मागे निळ्या पेनने लिहिले होते: ‘दारास कुलूप. शेजारी सांगतात, सर्वांना विलगीकरण केंद्रात नेले आहे. सबब बजावणी न होता परत.’ मी वादीचा वकील होतो आणि अशील चिडलेले होते. तरीही तारीख पुढे गेली ते योग्यच झाले, असे माझे तेव्हाही मत होते.

‘दाद मागायला न्यायालय उघडे होते’ हे वाक्य तर पुण्यात बसून लिहावे याचे आश्चर्य वाटते. 1897 चा साथरोग अधिनियम मूळचा चार कलमांचा. त्यातील चौथे कलम असे की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणाही विरुद्ध दावा किंवा कायदेशीर कार्यवाही चालणार नाही. म्हणजे देवघरात बूट घालून शिरणाऱ्या सोजिराविरुद्ध न्यायालयाची पायरी चढणाऱ्यापुढे हे कलम आडवे येत होते, मग न्यायालयाचे दार सताड उघडे का असेना.

उंदरांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. उंदरावरील पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 साली दाखवला आणि गाठीचा प्लेग प्रामुख्याने त्याच वाटेने पसरतो. पण प्लेग फुप्फुसात उतरला की तो खोकल्यातून माणसाकडून माणसाला होतो. शिवाय, वर सांगितल्याप्रमाणे, तहकुबीचे कारण केवळ संसर्ग हे नसते; पक्षकार हजरच राहू शकत नाही, हेही असते.

राहिले 2020. न्यायालये कुलूपबंद नव्हती. अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे बंधन राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 चे आहे, ते टाळेबंदीत सुटले नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मोजक्या कर्मचाऱ्यांवर रिमांड आणि तातडीची कामे चालू होती. पोटगीच्या अर्जावर महिनोन्महिने तारखा पडत राहिलेल्या बायका आणि कच्चे कैदी यांचे हाल झाले, ही तक्रार मात्र पूर्ण खरी आहे आणि मजकुरात नेमकी तीच नाही. त्यात आहेत ते सुटलेले ‘गुन्हेगार’. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि न्यायालयांच्या मुदती वाढल्या म्हणून पोलिसांची ही मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जून 2020 मध्ये एस. कासी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. असा जामीन ज्यांना मिळाला तो तपास वेळेत न झाल्याने मिळाला, आणि जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

मुदती बुडाल्या, हे तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असताना आला तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, ही तरतूद 1963 च्या मुदत अधिनियमाच्या कलम 4 मध्ये आहेच. त्याहून पुढे जाऊन सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2020 रोजी स्वतःहून मुदती वाढवल्या आणि 10 जानेवारी 2022 च्या आदेशाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ मोजणीतून वगळला. त्या काळात ज्यांची मुदत संपत होती त्यांना 1 मार्च 2022 पासून नव्वद दिवस दिले. ज्यांनी मला हा मजकूर पाठवला त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात, याच आदेशाच्या आधारे, दीड वर्षापूर्वी मुदत संपलेला एक वसुलीचा दावा दाखल केला होता.