‘रोजच बघतात, त्यांना काय शिकवायचं?’

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक दावा फिरू लागतो: डेंग्यू, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप), सर्पदंश आपल्याकडं रोजचेच, डॉक्टर ओपीडीत बसून आपोआप शिकतो, या आजारांचं वेगळं प्रशिक्षण लंडनच्या डॉक्टरांना लागतं, आपल्याला नाही. यातलं शेवटचं तर साफ उलटं आहे.

“पेशंट बघून बघून कळतं.” बरेचसे ताप चार-पाच दिवसांत आपसूक उतरतात आणि श्रेय शेवटच्या सलाईनला मिळतं. निदान पडताळलंच नाही तर चूक उघडी पडत नाही, ती सवय होऊन बसते. स्क्रब टायफस घ्या, बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. डॉक्सिसायक्लिन हे दुसरं अँटिबायोटिक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली की ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. खूण म्हणजे विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली: काखेत, जांघेत, स्तनाखाली, परकराच्या नाडीखाली. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. ती दरवेळी शोधायची, हे कुणीतरी हाताला धरून शिकवावं लागतं.

“रिपोर्ट सांगतोच की.” लेप्टोची आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांची) चाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, पंचगंगेच्या पुरात वावरलेल्या माणसाला तेवढ्यावर घरी पाठवणं धोक्याचं. डेंग्यूत सगळ्यांची नजर प्लेटलेटवर. खरा धोका ताप उतरताना असतो. तेव्हा हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतोय का, वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर २० पर्यंत घटलंय का, हे बघायचं.

“साप चावला तर इंजेक्शनच द्यायचं.” इथंच सर्वांत जास्त चुका होतात. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर २ मिली ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं नळी हलवायची नाही, मग एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) विनाकारण जातं. मण्यारच्या दंशात उलट: सूज नाही, रक्तही नीट गोठतं, पण पोट दुखतं आणि पापण्या झुकतात. चाचणीवर विसंबलेला डॉक्टर इथं फसतो.

रक्त गोठत नसेल तर सुरुवातीला एएसव्हीच्या १० व्हायल (कुप्या), लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप विष वजन बघून सोडत नाही. आधी थोडंसं देऊन बघायचा टेस्ट डोस नाही. रिॲक्शन आली तर लागणारं ॲड्रिनलिन भरून उशाशी. पुढची चाचणी ६ तासांनी, कारण रक्त गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. दर तासाला चाचणी करून व्हायल वाढवत नेणं हे न शिकल्याचं लक्षण.

“हे लंडनचं शास्त्र.” डासातला मलेरियाचा परजीवी ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला दिसला. कोलकात्यात उष्णकटिबंधीय आजारांची शिक्षणसंस्था १९२१ पासून आहे. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुजवला. पेशंट जिथं, शिक्षण तिथंच व्हायला हवं, आणि ते ठरवून द्यावं लागतं: जूनच्या आधी प्रत्येक इंटर्नने वीस मिनिटांची चाचणी स्वतः लावावी, मलेरियाच्या जाड स्मिअरची (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबाची) सूक्ष्मदर्शकाखाली १०० फील्ड (दृष्टिक्षेत्रं) बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नये, आणि तापाच्या प्रत्येक केसपेपरवर ‘खपली शोधली’ अशी नोंद असावी.