‘तंदुरुस्त राहिला तर’ म्हणे!

फॅन्टसी बेसबॉल, म्हणजे खऱ्या अमेरिकन खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपण जिंकायचं-हरायचं. त्यावर सल्ले देणाऱ्या लेखकांचा दर मार्चला हाच तमाशा. नॅशनल लीग वेस्ट या डिव्हिजनचे (गटाचे) पाच संघ घ्यायचे, प्रत्येकाखाली दोन परिच्छेद खरडायचे आणि खेळाडूच्या नावापुढे ठोकून द्यायचं, ‘तंदुरुस्त राहिला तर पहिल्या पन्नासात.’ अहो, तंदुरुस्त राहिली तर माझ्या आजीलाही मी आउटफिल्डला उभी करीन! तो टिकणार की नाही, एवढंच तर विचारायचं होतं.

वर ‘कमकुवत डिव्हिजनचा फायदा’ हे पालुपद आहेच. २०२३ पासून डिव्हिजनमधल्या एका संघाशी १९ नाही, १३ सामने होतात. चार संघांशी मिळून ५२. उरलेले ११० सामने बाहेरच्यांशी! वेळापत्रक बदलून इतकी वर्षं झाली, पण यांचा लेख मात्र तोच, नावं बदलून.

आणि कोलोराडो रॉकीज आले की यांना नुसतं भरतं येतं. डेन्व्हर उंचावर, हवा विरळ, चेंडू लांब जातो, कर्व्हबॉल नीट वळत नाही. शेंबड्या पोरालाही माहीत आहे हे! म्हणून तर २००२ पासून तिथे चेंडू ओलावा राखणाऱ्या खोलीत ठेवतात. पण १६२ पैकी ८१ सामने परक्या मैदानावर असतात, ते कोण खेळणार, तुमचे काका? शिवाय २०२५ मध्ये हा संघ ११९ सामने हरला. पुढे बेसवर कुणी असेल तेव्हा आरबीआय (आपल्या फटक्यावर संघाला मिळालेल्या धावा) मिळणार ना!

तरी मी मूर्ख. या लेखकांच्या भरवशावर रॉकीजचा एक बॅटर खेळाडू निवडीच्या सहाव्या फेरीत उचलला. आमच्या लीगमध्ये लाइनअप सोमवारी लॉक होतो, मग आठवडाभर नुसतं बघत बसायचं. त्या आठवड्यात सहाच्या सहा सामने बाहेर. त्यातले तीन सॅन फ्रान्सिस्कोत, जिथे खाडीवरची गार हवा आणि उजवीकडे २४ फुटांची भिंत. दोन सिंगल (एकाच बेसपर्यंत नेणारे फटके), नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक खाऊन बाद), बाकी भोपळा. पुढच्या सोमवारी रागारागात बेंचवर बसवला, म्हणजे त्याची कामगिरी माझ्या खात्यात धरायची नाही. संघ घरी परतला आणि पठ्ठ्याने चार दिवसांत तीन होमरन हाणले. माझ्या बेंचवर बसून! (वेळापत्रक मी बघायला हवं होतं, मान्य. चिडले की माझं डोकं चालत नाही.)

दुसरा सल्ला, ‘तगड्या संघाचा पिचर घ्या, विजय आपोआप येतील.’ डोंबल येतात! विजय नावावर लागायला स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) पाच इनिंग टाकाव्या लागतात. माझ्या गड्याने चार इनिंग आणि दोन आउट काढले होते, संघ ५-१ ने पुढे. तेवढ्यात मॅनेजर डुलत डुलत माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आला आणि चेंडूसाठी हात पुढे केला, म्हणजे गड्याची सुट्टी. पाचवी इनिंग पुरी व्हायला एक आउट हो, एक! तगड्या संघांना ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांसाठी पिचरांचे हात जपायचे असतात, हे कुठल्या लेखात लिहिलं होतं? विजय गेला बुलपेनमधल्या (राखीव पिचरांतल्या) कुणाच्या तरी खात्यात आणि मी तो आठवडा एका विजयाने हरले.

शेवटी वैतागून त्या बॅटरला सोडून दिला. काल नवा सल्ला आलाय, ‘फक्त घरच्या सामन्यांत खेळवा, तंदुरुस्त राहिला तर.’ आणि त्याला उचलला कुणी? आमच्या लीगमधल्या पहिल्या नंबरवाल्याने. पुढचा आठवडा सगळा डेन्व्हरला आहे.