‘इरेजर कोडिंग हळू? मोठा प्रोसेसर घ्या’ : हा सल्ला पैसे वाया घालवतो

सेफ (Ceph) या अनेक सर्व्हरांच्या डिस्क एकत्र जोडणाऱ्या साठवण-प्रणालीवर व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: “इरेजर कोडेड पूल हळू चालतो, कारण पॅरिटीच्या गणितात सीपीयू अडकतो. जास्त कोअर घ्या, आरबीडीची कॅश वाढवा, ‘के’ मोठा ठेवा.” इरेजर कोडिंग म्हणजे डेटाचे ‘के’ तुकडे करून त्यांना पॅरिटीचे, म्हणजे हरवलेला तुकडा पुन्हा काढून देणारे, जादा तुकडे जोडणं; पूल म्हणजे सेफच्या साठवणीचा एक विभाग आणि आरबीडी म्हणजे सेफची आभासी डिस्क. या सल्ल्याच्या भरवशावर लोक सर्व्हर विकत घेतात, म्हणून याचं उत्तर द्यायलाच हवं.

आधी सीपीयू. हे गणित करणारी आयएसए-एल लायब्ररी आजच्या प्रोसेसरच्या एका कोअरवर सेकंदाला काही गीगाबाइट एवढं एन्कोडिंग करते. वेळ जातो तो दुसरीकडे. 4+2 चा पूल (डेटाचे चार तुकडे, पॅरिटीचे दोन) आणि 4 किबीचं (किबिबाइट) स्ट्राइप युनिट, म्हणजे एका तुकड्याचा आकार, धरा; मग डेटाची पूर्ण पट्टी 16 किबीची. डेटाबेसनं त्यातले 4 किबी बदलले, की सेफच्या जुन्या आवृत्त्या आधी उरलेली पट्टी वेगवेगळ्या ओएसडींवरून (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रोग्रामांकडून) वाचतात, पॅरिटी नव्यानं काढतात आणि मग सहाही तुकडे लिहितात. सहातली सर्वांत संथ डिस्क ‘झालं’ म्हणेपर्यंत क्लायंटला उत्तर जात नाही. इथे चौसष्ट कोअर लावले तरी नेटवर्कच्या फेऱ्या आणि डिस्कची वाट तेवढीच राहते.

कॅशचा उपयोग होतो, पण लागून येणाऱ्या, घाई नसलेल्या लिखाणाला. डेटाबेस प्रत्येक कमिटला एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का लिहिल्याची खात्री, मागतो, आणि तो आला की लिब-आरबीडीला (ही कॅश सांभाळणाऱ्या लायब्ररीला) साठवलेलं सगळं ओएसडींपर्यंत पोचवावंच लागतं. अशा कामाला वीज गेली तरी डेटा जपणारे, कॅपॅसिटर असलेले एसएसडीच कामी येतात. घरगुती एसएसडी एफसिंकवर फार मंदावतात.

‘के’ मोठा करण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. 4+2 मध्ये 66.7 टक्के जागा वापरता येते, 8+3 मध्ये 72.7. एवढ्याशा फायद्यासाठी पट्टी 32 किबीची होते आणि प्रत्येक छोट्या लिखाणाला सहाऐवजी अकरा ओएसडींची वाट पाहावी लागते.

खरा बदल सेफच्या टेंटॅकल आवृत्तीनं आणला आहे. पूलवर ‘अलाऊ ईसी ऑप्टिमायझेशन्स’ (allow_ec_optimizations) चालू केलं, की छोटं लिखाण फक्त लागणाऱ्या तुकड्यांना आणि पॅरिटीला हात लावतं. सर्व ओएसडी त्या आवृत्तीवर आल्याशिवाय हे करू नका, कारण एकदा चालू केलेला हा पर्याय बंद करता येत नाही. आणि एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या साधनाची चाचणी 4 किबी, सिंक, क्यू-डेप्थ 1 (एका वेळी एकच विनंती) वर घ्या. मोठ्या ब्लॉकचे आकडे इथे फसवतात. त्या चाचणीत लेटन्सी, म्हणजे उत्तराला लागणारा वेळ, परवडत नसेल, तर डेटाबेसची डिस्क तिहेरी प्रतींच्या पूलवर हलवा.