इन्सर्ट टार्गेटमध्ये राहतो तो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रोखठोक लिहिलंत ते बरं झालं, उत्तर सविस्तर देतो. तुमचे मुद्दे असे: नोव्हेंबरात ओहायोतल्या थंड गॅरेजमध्ये क्रॉसबोच्या (घोडा दाबून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याच्या) बाणात पाच मिनिटांत धरणारा इपॉक्सी गोंद लावून इन्सर्ट (बाणाच्या पुढच्या तोंडात चिकटवायची, टोक फिरवून बसवायची धातूची नळी) बसवला आणि त्याच संध्याकाळी तो टार्गेटमध्ये राहिला, कंपाउंडच्या (हाताने ओढायच्या, चाकं असलेल्या धनुष्याच्या) बाणांना हॉट मेल्ट (तापवून लावायचा गोंद) वर्षानुवर्षं टिकलं, मग क्रॉसबोला इपॉक्सीचा हट्ट का, आणि साबण, रबरी पुलर (बाण ओढायची पकड) हा फाफटपसारा आहे, जोर लावला की बाण निघतो.

आधी कंपाउंडची तुलना. ४०० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं एकक) बाण कंपाउंडमधून सेकंदाला २८० फुटांनी सुटला तर त्यात सुमारे ७० फूट-पाउंड ऊर्जा असते. तेवढ्याच वजनाचा बाण क्रॉसबोतून ४०० फुटांनी सुटला की १४२, म्हणजे दुप्पट. ही ऊर्जा टार्गेटचा फोम काही इंचांत घर्षणाने जिरवतो. त्या उष्णतेने फोम वितळून शाफ्टला, म्हणजे बाणाच्या कार्बनच्या नळीला, चिकटतो आणि निवला की आवळून धरतो. हॉट मेल्टही उष्णतेनेच मऊ होतं. अशा वेळी हिसडा दिला की शाफ्ट हातात येतो आणि पॉइंट (बाणाचं टोक) इन्सर्टसकट आत राहतो. म्हणून फोमवर क्रॉसबो चालवणाऱ्याला मी इपॉक्सीच सांगेन.

पण तुमच्या बाबतीत इपॉक्सीला सुकायला वेळच मिळाला नाही. बोटाला कडक लागणं वेगळं आणि पूर्ण ताकद येणं वेगळं. थंडीत ते आणखी रेंगाळतं. हळू सुकणारं, २४ तासांचं दोन भागांचं इपॉक्सी घ्या आणि बाण घरात, खोलीच्या तापमानाला ठेवा.

त्याहून मोठं कारण बहुतेकदा सफाईचं असतं. टार्गेटमध्ये राहिलेला इन्सर्ट हातात आला की नीट बघा. गोंदाचं अखंड कवच इन्सर्टवरच असेल, तर गोंद धातूला धरून होता आणि कार्बनला सुटला, म्हणजे शाफ्ट आतून मळकट होता. इन्सर्ट चकचकीत कोरा असेल, तर धातू घासायचा राहिला.

कापसाची काडी ९१ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून शाफ्टच्या आतून फिरवा. पहिली काळीकुट्ट निघेल. काडी पांढरी निघेपर्यंत काड्या बदलत राहा, मग पूर्ण वाळू द्या. इन्सर्ट २२० नंबरच्या सँडपेपरने हलका खरबरीत करून अल्कोहोलने पुसा. पुसल्यावर त्याला बोट लावू नका, बोटाचं तेल पुरतं.

पॉइंटच्या आट्यांना किंचित व्हॅसलिन लावून तो इन्सर्टमध्ये फिरवून बसवा, म्हणजे इपॉक्सी आट्यांत शिरणार नाही. व्हॅसलिन इन्सर्टच्या बाहेरच्या अंगाला मात्र लागता कामा नये. इपॉक्सीचा पातळ थर द्या आणि इन्सर्ट गोल फिरवत सावकाश आत सरकवा. इथे एक गोष्ट हमखास नडते: मागचा नॉक (बाणाच्या शेवटी तारेवर बसणारा तुकडा) घट्ट बसलेला असेल तर आत कोंडलेली हवा इन्सर्टला पुन्हा बाहेर ढकलते. नॉक नुसता दाबून बसवलेला असेल तर तो आधी काढून ठेवा. चिकटवलेला असेल तर बाण पॉइंट खाली करून सपाट फळीवर उभा ठेवा, वरून हलकं वजन द्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बाहेर आलेलं इपॉक्सी ओलं असतानाच पुसा.

जुना हॉट मेल्टचा इन्सर्ट काढायचा तर जुना पॉइंट लावून फक्त पॉइंट तापवा, थोडा थोडा, आणि पक्कडीने ओढा. ज्योत कार्बनला लावू नका. त्यातलं रेझिन जळलं की शाफ्ट वरून धड दिसतो आणि आतून गेलेला असतो.

आता जोर लावण्याबद्दल. जोर हवाच, पण सरळ रेषेत. एक हात शाफ्टच्या शेजारी टार्गेटवर दाबा, दुसऱ्या हाताने रबरी पुलर टार्गेटच्या अगदी लगत धरा आणि बाण आला त्याच रेषेत ओढा. अडलाच तर नॉककडून पाहताना घड्याळाच्या दिशेने किंचित फिरवा. उलटा फिरवलात तर पॉइंटच्या आट्या सुटतात. ओढताना मागे कोणी उभं नको, नॉक थेट डोळ्यात जाऊ शकतो. कोरडी साबणाची वडी शाफ्टच्या पुढच्या काही इंचांवर घासली तर फोम कमी चिकटतो. ग्रीस नको, त्यात फोमचा भुगा बसतो. पॉइंटचा व्यासही तपासा: तो शाफ्टपेक्षा जाड असेल तर त्याची मागची कड बाहेर येताना फोममध्ये अडते आणि सगळा ताण इन्सर्टवर येतो.

इन्सर्ट आत राहिलाच तर त्या जागेवर पुन्हा नेम धरू नका. पुढचा बाण धातूवर आपटून फुटेल. पट्ट्याने आवळलेलं थरांचं टार्गेट असेल तर पट्टा सैल करून थर उघडा आणि तो काढा.

नवा इन्सर्ट घेताना जुन्याचं वजन बघा. ११० ग्रेनच्या पितळीऐवजी २० ग्रेनचा ॲल्युमिनियम घातला तर बाण ९० ग्रेनने हलका होतो. तो कंपनीने दिलेल्या किमान वजनाखाली गेला तर क्रॉसबोच्या लिंब्सवर (वाकणाऱ्या दोन हातांवर) रिकामी तार सोडल्यासारखा मार बसतो.

आणि गोंद लावण्याआधी शाफ्ट तपासाच. दोन्ही टोकं धरून हलका वाकवा, थोडा फिरवून पुन्हा वाकवा आणि कान द्या. कापसाचा बोळा पूर्ण लांबीवर फिरवा. तंतू कुठे अडकला तर तिथे चीर आहे. करकर ऐकू आली किंवा तोंडाशी नखाला चीर लागली, तर तो बाण दुरुस्त करू नका. मोडून दोन तुकडे करा, म्हणजे दुसरं कोणी चुकून वापरणार नाही.