पडझडीचे छायाचित्र म्हणजेच स्मारक? एका संदेशाचा प्रतिवाद

साताऱ्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर अणुबॉम्बच्या हल्ल्यातून उरलेल्या हिरोशिमाच्या घुमटाच्या छायाचित्रासह एक संदेश फिरत आहे. युद्धातल्या पडझडीचे छायाचित्र हेच खरे स्मारक, ते खोटे बोलत नाही, त्याला शब्द लागत नाहीत, जपानने तर तो घुमट हातही न लावता जपला, आणि गावोगावच्या स्मृतिशिळा कोणी वाचत नसल्याने त्यांवरचा खर्च व्यर्थ आहे, असे त्यात म्हटले आहे. त्यामागचा युद्धाविषयीचा तिटकारा प्रामाणिक असेल. विधाने मात्र तपासली की टिकत नाहीत.

छायाचित्र खोटे बोलत नाही, हे विधान लखनौच्या सिकंदर बागेपाशीच अडखळते. भग्न इमारत, तिच्यापाशी एक घोडा आणि काही माणसे, पुढच्या मोकळ्या जागेत विखुरलेल्या कवट्या नि हाडे, असे ते दृश्य फेलिस बिआटो या छायाचित्रकाराने 1858 मध्ये टिपले. तिथे इंग्रज फौजेने केलेली बंडवाल्या शिपायांची कत्तल मात्र नोव्हेंबर 1857 मधली, आणि एका तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींनुसार, झाकलेले मृतदेह छायाचित्रकाराने आग्रहाने पुन्हा उघडे करविले होते. म्हणजे ज्याला आपण बंडवाल्या शिपायांच्या बलिदानाचा पुरावा समजतो, ते दृश्य जेत्यांच्या बाजूच्या माणसाने मांडून घेतलेले आहे. ते अवश्य पाहावे, पण हे ठाऊक असूनच.

शब्द लागत नाहीत, हेही खरे नाही. 29 डिसेंबर 1940 च्या रात्री, जर्मन बॉम्बहल्ल्यात, छायाचित्रकार हर्बर्ट मेसनने टिपलेला, धुरातून वर आलेला सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट लंडनच्या 'डेली मेल'ने अभंग धैर्याची खूण म्हणून छापला. पुढे बर्लिनच्या एका साप्ताहिकाने तेच छायाचित्र, पुढची जळकी घरे अधिक दिसतील असे कापून, लंडन पेटल्याची बातमी म्हणून दिले.

हिरोशिमाविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. घुमट जतन करण्याचा ठराव तिथल्या नगरसभेने 1966 मध्ये केला आणि पुढल्याच वर्षी भेगांत राळ भरून, पोलादी आधार देऊन त्याची दुरुस्ती झाली.

राहिला शिळांवरचा खर्च. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात आहे. त्या युद्धात गावातले एक कौलही फुटले नाही. रणांगणे समुद्रापलीकडे होती. साताऱ्यातल्या गेंडामाळाचेही तेच. 1857 च्या उठावात तिथे 17 जणांना मृत्युदंड दिला गेला, पण दाखवायला जळका घुमट नाही. पडझड हीच स्मरणाची कसोटी मानायची, तर अपशिंग्याच्या हानीसाठी कॅमेरा नेमका कशावर रोखायचा, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.